भरतीची हाक

११ डिसेंबर २००५

काल बंदर सुरू झालं. शांघायहून नव्या पुलावरून बस भरभरून माणसं आली. पूल इतका लांब, की समुद्र ओलांडेपर्यंत काहींना गाडी लागली. त्यांना आल्याचं गरम पाणी पाजलं, तेव्हा कुठे ती भाषणं ऐकायला उभी राहिली. एक साहेब म्हणाले, आता सगळं जग या बेटाकडे बघेल. म्हातारी माझ्या शेजारीच होती. (समोर मी तिला आई म्हणते. इथे सासूबाई वगैरे लिहीत बसायला वेळ नाही.) ती म्हणाली, "बघायला डोंगर होता तेव्हा यायचं होतं. आता काय बघणार, पाट?" तिचं खोटं नाही. डोंगर फोडून समुद्रात घातला आणि त्याच्यावर धक्का बांधला.

दुपारपर्यंत खानावळीतली पातेली पुसून गेली. बाकीचं गाव केव्हाच पलीकडे मुख्य भूमीवर राहायला गेलंय. पूर्वेकडच्या वाळूजवळची आमची थोडी घरं तेवढी राहिलीत, आणि कामगारांना जेवायला हवं म्हणून माझी खानावळ.

पहिलं मोठं जहाज लागलं. च्वांगभाऊ जेवायला आला तेव्हा त्याला विचारलं, "कुठून आलंय?"

"युरोपातून."

"जाणार कुठे?"

"युरोपात."

"मग बाजाराला जाऊन येणाऱ्या बाईत आणि त्याच्यात फरक काय?"

तो हसला. च्वांगभाऊ जहाजांना भाजी, मांस आणि गोडं पाणी पोचवतो. माझ्या ओळखीत जहाजाची शिडी चढायची परवानगी असलेला तो एकटाच माणूस. जाता जाता माझ्या नवऱ्याचा, हाइगेनचा फोटो त्याच्या हातात दिला. म्हटलं, वर खलाशांना दाखवा. विचारायला काय जातं?

माझी काही अपेक्षा नाही. हे लिहून ठेवते.

१९ डिसेंबर

फोटो बघून खलाशी नाही म्हणाले. दुसऱ्या जहाजावरही नाही.

थंडी वाढली आहे. हाइगेन गेला तेव्हाही अशीच होती, वाकटी मासळीचा मोसम होता. त्याला सात वर्षं झाली. बोट उलटी तरंगताना मिळाली. बरोबरच्या चौघांचे देह एकेक करून किनाऱ्याला लागले, याचा लागला नाही. म्हातारीच्या लेखी तिचा मुलगा मेला. माझं म्हणणं एवढंच, की जो सापडला नाही त्याच्याबद्दल छातीठोकपणे कुणी काही सांगू नये. मोठी जहाजं वाटेत माणसं उचलतात असं आपण ऐकतो. उचललेला माणूस कुठल्याही देशात उतरवला जाऊ शकतो. आणि आता कुठल्याही देशाचं जहाज आमच्या दारात येतं. यात वेडेपणाचं काय आहे?

२९ जानेवारी २००६

काल चांद्र वर्षाच्या अखेरचं जेवण. म्हातारी, मी आणि हाइगेनचा वाडगा. म्हातारीने त्याच्या भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचल्या, मेलेल्या माणसाला खोचतात तशा. ती सूप आणायला आत गेली तेव्हा मी त्या काढून वाडग्याशेजारी आडव्या ठेवल्या. मी मासा आणायला गेले. परत येऊन बघते तो काड्या उभ्या. ती दारू आणायला उठली, मी आडव्या केल्या. भात गार झाला, तो शेवटी मीच खाल्ला.

८ मार्च

आज क्रेनवरचा एक नवा माणूस जेवायला आला. हूनानचा, डोंगरातला. माशाची वरची बाजू खाल्ली आणि काड्यांनी मासा उलटवायला गेला. म्हातारीने वरच्या वर त्याचा हात धरला.

"उलटवायचा नाही. नाव उलटते."

"आजी, मी क्रेन चालवतो. नाव नाही चालवत."

"मग क्रेन उलटलेली चालेल?"

सगळे हसले. त्याने मुकाट्याने मधला काटा उचलून काढला आणि खालची बाजू खाल्ली. आता म्हातारी आत असली तरी कुणी मासा उलटवत नाही. शिकलेसवरलेले इंजिनियरसुद्धा.

बंदर मात्र जोरात आहे. दर महिन्याला नवी क्रेन उभी राहते. मला आता नावं पाठ झाली आहेत: रॉटरडॅम, हॅम्बर्ग, पिरेयस, मोम्बासा. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मला वाटलं होतं, बंदर म्हटलं की खलाशी खाली येतील, जेवतील, बसून गप्पा ठोकतील. कुणी येतच नाही. च्वांगभाऊ म्हणाला, "वहिनी, ते जुनं. नदीवरच्या बंदरात जहाज आठवडाभर पडून असायचं, खलाशी लग्नं जमवून जायचे. इथे सकाळी लागलं की संध्याकाळी सुटलं. उतरतात ते फक्त मालाचे लोखंडी डबे."

"म्हणजे जगातलं सगळं येणार, माणूस सोडून."

"माणूस आणायचा तर डब्यातच घालावा लागेल," तो बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो वाडग्यात बघत जेवला.

फोटोचे कोपरे दुमडायला लागले होते. त्याने स्वतःहून तो प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला आहे. बरोबर पेअर फळांची पिशवी होती. कुठल्या तरी जहाजाने परत केलेली असतील.

१७ एप्रिल

गावप्रमुख हू आला होता. पूर्वेकडच्या वाळूवर भराव घालायचं नक्की झालं. तिथे आणखी धक्के होणार. शरद ऋतूत काम सुरू, त्याआधी आमची घरं रिकामी. पलीकडच्या नव्या गावात चौथ्या मजल्यावर घर मिळणार, खानावळीसाठी रस्त्यावर गाळा. हूने सगळं नीट सांगितलं. त्याचं स्वतःचं घर गेलं तेव्हा तो कसा रडला होता ते मला माहीत आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना.

म्हातारी म्हणाली, "माझी ना नाही. पण त्याआधी हाइगेनला बोलवायचं."

हू लगेच म्हणाला, "बरोबर आहे आजी, करून घ्या. नंतर वाळूच राहणार नाही."

आमच्या बेटांवर ज्याचा देह मिळत नाही त्याला भरतीच्या वेळी हाक मारून परत बोलावतात. पेंढ्याचा माणूस करायचा, त्याला त्याचे कपडे घालायचे, आणि पाणी चढायला लागलं की वाळूवर उभं राहून म्हणायचं: अमुक अमुक, समुद्रात गारठा आहे रे, घरी ये. तीनदा. तिसऱ्या हाकेच्या आत घरातल्या कुणीतरी त्याच्यासाठी ओ द्यायची: आलो. मग पेंढ्याचा तो माणूस म्हणजेच तो, त्याला पुरायचं. ज्या वाळूवरून गेला तीच वाळू माणूस ओळखतो, त्यामुळे हे दुसरीकडे जाऊन होत नाही. इथे झालं नाही तर तो कायमचा बाहेर.

मूलबाळ नसेल तर ओ बायकोने द्यायची असते. म्हणजे मी.

मी नाही म्हणाले. जिवंत माणसाला पुरायचं म्हणजे काय? हू चहा पीत राहिला. म्हातारी म्हणाली, "सात वर्षं पाण्यात आहे माझं पोर, आणि ही म्हणते जिवंत." मला राग आला. मी भांडी घासायला घेतली, आणि आवाज करत घासली.

२ जून

म्हातारीने कुठून तरी भाताचा पेंढा मिळवला. ओसरीवर बसून पेंढ्याचा माणूस बांधते आहे. हाइगेनचा निळा स्वेटर उन्हात टाकला होता, मी तो उचलून पेटीत ठेवला. दुपारी पुन्हा उन्हात. पुन्हा पेटीत. हे आमचं काड्यांसारखंच.

संध्याकाळी ती म्हणाली, "तुझं वय काय गं आता?"

"चाळीस. तुम्हाला माहीत आहे."

"चाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही. माझं सोड, माझी लाकडं पुलापलीकडे गेली. तू आपली वाट बघ."

"कसली वाट?"

"तुझी. कुठल्याही बाईची असते ती."

मला सगळं कळतं. नव्या घरात एक तोंड कमी हवंय तिला. एकदा मुलगा पुरला की सून कोण? इतकी वर्षं तिच्या पाठीला तेल चोळलं, दात दुखला की पेज करून दिली, त्याचं हे फळ. मी म्हटलं, "मला हाकलायचं असेल तर सरळ सांगा." ती म्हणाली, "मूर्ख आहेस," आणि पेंढ्याच्या माणसाचा खांदा आवळायला लागली.

२१ जुलै

आज सगळा भात करपला.

च्वांगभाऊ म्हणाला, एका जहाजावरच्या बर्मी आचाऱ्याने फोटो ओळखला. आफ्रिकेतल्या मोम्बासा बंदरात मासेमारीच्या बोटींच्या आवारात असा एक चिनी माणूस जाळी विणतो. कागदपत्रं नाहीत म्हणून परत येता येत नाही. आचाऱ्याने त्याला दोनदा बघितलंय.

२२ जुलै

पासपोर्टसाठी काय काय लागतं ते हूला विचारलं. तो "कशासाठी?" म्हणाला, मी सांगितलं नाही. बंदराच्या कचेरीत भिंतीवर जगाचा नकाशा आहे. चहा पोचवायच्या निमित्ताने जाऊन तो बघितला. मोम्बासा फार लांब नाही. म्हणजे लांबच आहे, पण रेघ एकच आहे आणि ती आमच्या बेटापासून निघते.

जाळी तो विणणारच. हात कधी स्वस्थ नसायचे त्याचे. मी आज रडले. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकबूल करीन.

म्हातारीला सांगितलं. वाटलं, रडेल किंवा भांडेल. ती फक्त म्हणाली, "च्वांगला उद्या जेवायला बोलव. खानावळीत नको, घरात."

२४ जुलै

कालचं जेवण. मासा, कोळंबी, म्हातारीने जपून ठेवलेली तांदळाची दारू. च्वांगभाऊ नवा सदरा घालून आला होता. म्हातारीने त्याला बसवलं, दोनदा पेला भरला. तोंडावर रागलोभ काही नाही. कोळंबी सोलता सोलता तिने विचारलं, "काय रे, त्याचा तोतरेपणा गेला का?"

च्वांगभाऊने पेला खाली ठेवला. "थोडा आहे म्हणे अजून, आजी. आचारी म्हणाला, अडखळत बोलतो."

"हं. लहानपणापासूनचा आहे," म्हातारी म्हणाली, आणि माशाच्या गालाचा तुकडा काढून त्याच्या वाडग्यात ठेवला.

मी सूप वाढत होते. हाइगेन जन्मात कधी अडखळला नव्हता. एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर त्याची बडबड चालायची, लोक म्हणायचे याच्या तोंडाला नांगर टाका. मी सुपाचं भांडं खाली ठेवलं. च्वांगभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि त्यालाही कळलं. त्याने तो गालाचा तुकडा खाल्ला नाही, आणि त्यानंतर कुणीच काही खाल्लं नाही. म्हातारी मात्र सगळी कोळंबी सोलून होईपर्यंत उठली नाही.

९ ऑगस्ट

च्वांगभाऊ इतके दिवस आला नव्हता, दुसरीकडे जेवत होता. आज मागच्या दाराने आला आणि फोटो माझ्यापुढे ठेवला.

"एकही जहाज सोडलं नाही, वहिनी. प्रत्येकावर दाखवला. कप्तानापासून इंजिनघरापर्यंत. शिडी उतरताना तुम्ही खिडकीत उभ्या दिसायच्या, आणि मला दर वेळी तेच ‘नाही’ सांगायचं असायचं. त्या दिवशी नाही सांगता आलं."

मी म्हटलं, "उद्या मुळे आणा. गेल्या वेळचे पोकळ होते."

"आणतो," तो म्हणाला. तो गेल्यावर मी खिडकीतून बघितलं. तिथून शिडी खरंच दिसते. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, की मी तिथे उभी असते.

३० ऑगस्ट

वाळू उपसणारी जहाजं पूर्वेला येऊन उभी राहिली. लांबच लांब नळ्या टाकल्या आहेत. कुठूनशी वाळू ओढून आणून ते आमच्या वाळूवर ओतणार. हूने तारीख सांगितली.

मी म्हातारीला म्हटलं, "करा काय करायचं ते. मी आड येणार नाही. पण ओ देणार नाही."

"तू नाही तर कोण देईल? बंदराचे साहेब?"

"पुजारी देतो. विचारलंय मी."

"भाड्याची ओ दिली तर येणाराही भाड्याचा येतो," म्हातारी म्हणाली. "तू ये आणि उभी राहा. दिलीस तर दे, नाही तर नको."

इतकी सरळ ती कधी वागत नाही. मला संशय आला, पण कसला ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर

आज झालं. जसं झालं तसं लिहिते.

पुजारी दुपारच्या बोटीने आला. पलीकडे गेलेल्या शेजारणी पुलावरून आल्या. हू होता, च्वांगभाऊ मागे दगडाजवळ उभा होता. पेंढ्याच्या माणसाला निळा स्वेटर घातला होता. पुजाऱ्याने सगळ्यांना बजावलं, की वाळूवर असेपर्यंत जिवंत माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. समुद्र कान देऊन असतो, ज्याचं नाव ऐकेल त्याच्यावर हक्क सांगतो. हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. शेजारणी एकमेकींना 'अगं ए' म्हणत होत्या.

सूर्य कलला, पाणी चढायला लागलं. समोर वाळू उपसणाऱ्या जहाजांची घरघर होती. म्हातारीचा आवाज त्यात बुडणार असं वाटलं, तेवढ्यात त्यांची पाळी बदलली आणि यंत्रं थांबली. पुजाऱ्याने घंटा वाजवली. म्हातारी पाण्यात घोट्यापर्यंत गेली.

"हाइगेन, समुद्रात गारठा आहे रे, घरी ये."

मी पाण्याकडे बघत होते. शेजारीण कोपराने ढोसत होती. माझं तोंड बंद होतं. मी ठरवलं होतं आणि माझ्या ठरवण्यात काही बदल झाला नव्हता. पुजारी वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा घंटा वाजवली.

"हाइगेन, समुद्रात गारठा आहे रे, घरी ये."

या वेळी तिचा आवाज फाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्यांचा राग आला. मला हाइगेनचाही राग आला, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. इतकं बोलणारा माणूस, आणि सात वर्षांत एक शब्द नाही.

तिसरी घंटा झाली. म्हातारी वळली. हाक मारणाऱ्याने समुद्राकडे पाठ करायची नसते, पण ती वळली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"छाइफन, समुद्रात गारठा आहे गं, घरी ये."

पुजाऱ्याचा हात घंटेवर तसाच राहिला. एक शेजारीण मटकन खाली बसली. हू ओरडला, "आजी, नाव चुकलं! सुनेचं नाव घेतलंत!" म्हातारी त्याच्याकडे बघतही नव्हती. मला वाटलं, वय झालंय, जीभ घसरली. नंतर सगळ्यांना मी तेच सांगितलं. तिची चूक सुधारायला हवी होती. आई, नाव चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"आले," मी म्हटलं. "आले, आई."

ती पाण्यातून बाहेर आली, माझा हात धरला आणि मला पाण्यापर्यंत नेलं. पाणी खरंच गार होतं. मग तिने समुद्राकडे तोंड केलं आणि मुलाला हाक मारली, सवयीची, जेवायला मारतात तशी. त्याची ओ मी दिली. एकदाच दिली, मोठ्याने. च्वांगभाऊ मागे दगडाजवळ होता, त्यालाही ऐकू गेली असेल.

पुजारी कुरकुरत होता. आधी जिवंत सुनेला, मग मेलेल्या मुलाला, असा प्रकार त्याने कुठल्याच बेटावर बघितला नव्हता, आणि हे विधीत बसतं की नाही हे त्याला सांगता येत नव्हतं.

म्हातारीने पेंढ्याचा माणूस काखेत घेतला. म्हणाली, "मला दोघं घरी हवी होती."

मग आम्ही घरी आलो.